मराठीतून शिकून तिथं जाता येतंय काय?

आपल्या वाङ्मय मंडळाने गेल्या पावसाळ्यात मला बोलायला बोलावलं होतं. विषय दिला होता ‘मी पाहिलेलं ऑक्सफर्ड’. मी या कॉलेजची जुनी विद्यार्थिनी, सध्या निपाणीजवळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत बहिणीच्या मुलीकडे तीन आठवडे राहून आले, एवढंच काय ते भांडवल. मोबाईलमधले फोटो पडद्यावर दाखवले, चार गमती सांगितल्या, टाळ्या झाल्या. मग मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. बी.ए. दुसऱ्या वर्षाचा. त्याची आई विड्या वळते, हे मला नंतर कळलं. तो म्हणाला, “मॅडम, मराठीतून शिकून तिथं जाता येतंय काय?”

पोरं हसली. मीही हसले आणि ‘मनात आणलं तर काय अशक्य आहे’ अशा धाटणीचं काहीतरी बोलून मोकळी झाले. तो “थँक्यू मॅडम” म्हणून खाली बसला. घरी येईपर्यंत एसटीत मला लाज वाटत राहिली. पोरानं खरा प्रश्न विचारला होता आणि मी त्याला कॅलेंडरच्या मागचं सुवचन वाचून दाखवलं होतं. म्हणून हे लिहिते आहे. उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी मी तिथे कशी गेले ते सांगते, कारण उत्तराचा अर्धा भाग त्यातच आहे. माझी भाची नर्स आहे. शिक्षण निपाणीच्या मराठी शाळेत, मग बेळगावला नर्सिंग. इंग्लंडला नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. ऐकणं, बोलणं, वाचणं तिला पहिल्या झटक्यात जमलं, लिहिण्यात मात्र ती दोनदा अडकली. तिसऱ्यांदा पास झाली. तोवर बहिणीने सोसायटीचं कर्ज काढलं होतं. आता ती ऑक्सफर्डच्या हेडिंग्टन भागात राहते, रात्रपाळी करते आणि आईला दर महिन्याला पैसे पाठवते. विद्यापीठात ती कधी शिकली नाही. “मावशी, हितं दोन गावं हाईत,” ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली. “एक शिकणाऱ्यांचं आन् एक राबणाऱ्यांचं. बसमधनं उतरल्यावर कळतंय कोण कुठल्या गावचं.” मी बेळगावचा कुंदा नेला होता, तो तिने वॉर्डात नेऊन दोन्ही गावांत वाटला असावा.

सुट्टीच्या दिवशी ती मला गावात घेऊन गेली. ऑक्सफर्डचे फोटो तुम्ही पाहिलेत, त्यामुळे वर्णन थोडक्यात करते. मधाच्या रंगाचा दगड. प्रत्येक कॉलेजला किल्ल्यासारखा दरवाजा आणि दरवाज्यात बसलेला पहारेकरी. आत हिरवळ, तिच्यावर पाय ठेवायचा नाही. मधोमध रॅडक्लिफ कॅमेरा नावाची गोल घुमटाची इमारत. ती १७४९ सालची, आणि ती चक्क वाचनालय आहे. पर्यटक तिच्याभोवती देवळाला घालाव्यात तशा प्रदक्षिणा घालतात. आम्हीही घातली. आत जायला मात्र वाचकाचं ओळखपत्र लागतं. तीन आठवड्यांत माझ्या मनावर ठसलं ते हेच की हे दारांचं गाव आहे. दारं सुंदर आहेत, पण ती दारं आहेत.

ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यात, डांबराच्या मधोमध, दगडगोट्यांचा एक क्रॉस बसवलेला आहे. सायकली त्याच्यावरून जातात. त्या जागी १५५५ साली लॅटिमर आणि रिडली या दोन बिशपांना जिवंत जाळलं, पुढच्या वर्षी आर्चबिशप क्रॅनमरना. जाळणारेही ख्रिस्तीच होते. आपल्या कॉलेजात सकाळच्या प्रार्थनेला सगळ्या धर्मांची पोरं एका रांगेत उभी राहतात, त्याचं आपल्याला काही वाटत नाही. त्या क्रॉसपाशी उभं राहिल्यावर थोडं वाटलं.

कारण पुढची गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे. या विद्यापीठात कित्येक शतकं चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्ममतावर सही केल्याशिवाय नावच घालता येत नसे. हिंदू-मुसलमान तर सोडाच, कॅथलिक, बाप्टिस्ट, युनिटेरियन हेसुद्धा बाहेर. १८५४ मध्ये ही अट सैल झाली आणि १८७१ च्या कायद्याने बहुतेक उठली. या बाहेरच्यांनी १७८६ साली मँचेस्टरमध्ये स्वतःची अकादमी काढली होती, जिथे कुणाला धर्म विचारायचा नाही. ती फिरत फिरत १८८९ साली ऑक्सफर्डमध्ये आली. गावात आली, विद्यापीठात नाही. विद्यापीठाचं पूर्ण कॉलेज व्हायला तिला १९९६ साल उजाडलं.

मॅन्सफील्ड रोडवर ती इमारत आहे. पूर्वीचं मँचेस्टर कॉलेज, आता हॅरिस मँचेस्टर. फार कुणी फोटो काढत नाही. मी मात्र भाचीला म्हटलं, “हितंच यायचं हुतं मला.” ती बघतच राहिली.

१९०१ साली या दारातून जमखंडीचा एक माणूस आत गेला. विठ्ठल रामजी शिंदे. आपण त्यांना महर्षी शिंदे म्हणतो, जयंतीला फोटोला हार घालतो आणि परीक्षेत चार मार्कांची टीप लिहितो. पण जमखंडी कुठे आहे ते नकाशावर बघा. निपाणीहून चिकोडी, रायबाग करत पुढे गेलं की लागते. आज बागलकोट जिल्ह्यात, तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. २३ एप्रिल १८७३ चा जन्म. घरात मराठी, दाराबाहेर कानडी. बाप वारकरी वळणाचा, परिस्थिती ओढगस्तीची. शाळा जमखंडीतच. तिथून पुण्याला फर्ग्युसन कॉलेज, १८९८ ला बी.ए., मग प्रार्थना समाज. युनिटेरियन मंडळींनी शिष्यवृत्ती दिली, प्रवासाच्या खर्चाला बडोद्याच्या सयाजीरावांनी हात दिला, आणि हा आपल्या पट्ट्यातला माणूस धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला ऑक्सफर्डला पोचला.

दोन वर्षं राहिले. एस्टलिन कार्पेंटर हे त्यांचे एक प्राध्यापक, बौद्ध धर्माचे आणि पालीचे जाणकार. म्हणजे बघा, बुद्धाची भाषा शिकायला मराठी माणूस ऑक्सफर्डला. शिंद्यांनी तिथून ऑक्सफर्डची पदवी आणली नाही, कारण ते कॉलेज ती देतच नव्हतं. आणलं ते वेगळंच. तिथल्या युनिटेरियनांनी शहरातल्या गरीब वस्त्यांत चालवलेली कामं त्यांनी जवळून पाहिली. १९०३ ला परतताना आम्स्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत निबंध वाचला. आणि १८ ऑक्टोबर १९०६ ला मुंबईत अस्पृश्यांसाठी मिशन काढलं, परळला शाळा सुरू केली. आईबाप, बहिणी, सगळं कुटुंब त्या कामात ओढलं. सासरहून परत आलेल्या जनाक्काला त्यांनी त्याआधीच पुण्याला हुजूरपागेत शिकायला घातलं होतं, तीही या कामात उतरली. ऑक्सफर्डला जाऊन आलेल्या माणसाला चांगली नोकरी मिळाली असती. सूटबूट घालून मोठ्या पगारावर बसता आलं असतं. माझ्या भाचीला मी हे सांगत होते तेव्हा ती म्हणाली, “घरचे काय म्हणाले असतील त्यास्नी?” हा प्रश्न कुठल्या चरित्रग्रंथात पुरेसा येत नाही, पण कर्ज काढून परदेशी गेलेल्या कुणालाही तोच आधी सुचणार.

तर उत्तराचा पहिला भाग : हो, जाता येतं. गेलेत. पुढच्या दाराने नाही, बाजूच्या.

बाजूच्या दाराची दुसरी गोष्ट वुडस्टॉक रोडवर आहे, सॉमरव्हिल कॉलेजात. बाहेरून बघितलं तर साधी कमान. इंदिरा गांधी काही काळ इथे होत्या, हे बहुतेकांना माहीत असतं. मी गेले होते कॉर्नेलिया सोराबजीसाठी. जन्म १८६६, नाशिकचा. वडील पारशातून ख्रिस्ती झालेले मिशनरी. आणि तिचं अगदी लहानपण गेलं बेळगावात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले होते. कॅम्पातल्या ज्या झाडांखालून आम्ही कॉलेजला जायचो, त्यातली काही तिच्या वेळचीही असतील.

पुढे पुणे, डेक्कन कॉलेज. मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतात. परीक्षेत ती अशी चमकली की विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती तिच्या हक्काची होती. ती मिळाली नाही, कारण ती बाई. मग इंग्लंडातल्या काही मंडळींनी वर्गणी गोळा केली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. नर्स भाचीला हे सांगितल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. १८८९ ला कॉर्नेलिया सॉमरव्हिलला आली. त्याच साली मँचेस्टर कॉलेजही ऑक्सफर्डला आलं, हा नुसता योगायोग, पण मला तो आवडतो.

तिला कायदा शिकायचा होता. ऑल सोल्स कॉलेजच्या कॉड्रिंग्टन वाचनालयात बसायची परवानगी मिळालेली ती पहिली बाई. १८९२ ला बी.सी.एल. ही कायद्याची वरची परीक्षा द्यायची वेळ आली, तेव्हा बाईने बसावं की नाही यावर वाद. बेलिअल कॉलेजचे प्रमुख जोवेट तिच्या बाजूने होते. विद्यापीठाला खास ठराव करावा लागला, मग ती बसली, पासही झाली. पण पदवी? पदवी नाही. बायकांना पदवी द्यायला ऑक्सफर्डने १९२० साल उजाडू दिलं. कॉर्नेलियाने ती १९२२ ला घेतली. म्हणजे परीक्षा दिल्यावर तीस वर्षांनी. मधल्या काळात बंगाल-बिहारमधल्या पडद्यातल्या जमीनदारणींच्या इस्टेटींसाठी ती सरकारी सल्लागार म्हणून हत्ती, पालखी, मिळेल त्या वाहनाने फिरत होती. तिची राजकीय मतं मला पटत नाहीत. ती ब्रिटिश राज्याच्या बाजूची, गांधींच्या विरोधात. शिंदे गांधींच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, ही दुसऱ्या टोकाला. एकाच गावात शिकून माणसं कुठल्या कुठे जातात.

मुलींनो, तुमच्यातल्या काही जणी हे वाचत असतील आणि घरी ‘बी.ए. झालं की बघू’ चालू असेल. ‘बघू’ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, मलाही. त्यावर मी भाषण देणार नाही. तीस वर्षांचा हिशेब तेवढा लक्षात ठेवा.

आता माझा आवडता किस्सा. ब्रॉड स्ट्रीट जिथे संपतो त्या कोपऱ्यावर एक इमारत आहे, तिच्या शिखरावर वारा दाखवणारा कोंबडा असतो तिथे हत्ती आहे, पाठीवर अंबारीसकट. ही जुनी इंडियन इन्स्टिट्यूट. संस्कृतचे प्राध्यापक मोनियर विल्यम्स यांनी हिंदुस्थानात फिरून राजेरजवाड्यांकडून देणग्या जमवल्या आणि ही उभी केली. १८८३ ला पायाभरणी. तिच्या पायाभरणीचा लेख संस्कृतात आहे, देवनागरी अक्षरांत. भाचीने मला विचारलं, “काय लिवलंय?” मी अडखळत अर्थ लावला. तिने मोबाईलवर फोटो काढून आईला पाठवला आणि खाली लिहिलं : ‘हितं बी आपली अक्षरं हाईत.’

आपली अक्षरं! आमच्या गावात दुकानाच्या पाटीवर कानडी किती टक्के आणि बाकीचं किती, यावर मोजपट्टी घेऊन भांडणं होतात. मराठीतून कागद मागितला की खिडकीतला माणूस मान वर करत नाही. आणि सात समुद्रापार ही अक्षरं दगडात कोरून निवांत बसलेली. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. पण दोन मिनिटांनी दुसरा विचार आला. ती अक्षरं तिथे कुणी का कोरली? हिंदुस्थानावर राज्य करायला जाणाऱ्या साहेबांना आपल्या भाषा शिकवायच्या होत्या. मोनियर विल्यम्स ज्या बोडेन आसनावर होते, ते ठेवणारा बोडेन कंपनीच्या मुंबई फौजेतला कर्नल. त्याने मृत्युपत्रात स्पष्ट लिहून ठेवलं होतं की संस्कृत शिका, म्हणजे तिथल्या लोकांना ख्रिस्ती करायला मदत होईल. आज त्या इमारतीत दुसरीच संस्था आहे, पुस्तकं १९६८ सालीच हलवली. भाषा भिंतीवर कोरली म्हणून जगत नाही आणि पाटीवरून पुसली म्हणून एका रात्रीत मरतही नाही. तिच्यातून कुणी काही शिकतंय का, त्यावर तिचं बरंचसं ठरतं.

इथे माझ्या मतावर येते. ते काहींना रुचणार नाही, पण मंडळाच्या अंकात नाही लिहायचं तर कुठे?

आपल्या भागात इंग्रजीकडे बघायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, गावोगावच्या शाळांच्या पाट्यांवर दिसते. एकीकडे ‘ऑक्सफर्ड’, एकीकडे ‘केंब्रिज’, पत्र्याच्या शेडवर कॉलेजचा मुकुट रंगवलेला. आत पोरं पाचवीपर्यंत कविता पाठ म्हणतात, तिचा अर्थ ना त्यांना कळतो ना बाईंना. मग सहावीत ती माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांना मराठी जोडाक्षरं वाचता येत नाहीत आणि इंग्रजीत चार वाक्यं सरळ लिहिता येत नाहीत. दुसरी तऱ्हा सभांमध्ये दिसते : मायमराठीचा जयजयकार, आणि भाषण संपल्यावर वक्त्यांची नातवंडं गाडीत इंग्रजीत बोलताना ऐकू येतात. दोन्ही तऱ्हांनी त्या मागच्या बाकावरच्या पोराची फसवणूक होते. पहिली त्याला सांगते, तुझी भाषा हेच तुझं ओझं. दुसरी सांगते, तुला इंग्रजीची गरज नाही. दोन्ही खोटं.

शिंदे काय करत होते? घरात मराठी, गल्लीत कानडी, शाळेत इंग्रजी, ऑक्सफर्डला पाली. तिथून त्यांनी प्रवासाची वर्णनं लिहून पाठवली ती मराठीत, ‘सुबोध पत्रिके’च्या वाचकांसाठी. पुढे ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ लिहिला तो मराठीत. आणि एक गोष्ट आपण सोयीस्कर विसरतो : मराठी आणि कानडी यांचं नातं किती जुनं आणि किती आतलं, यावर लिहिणाऱ्या पहिल्या मराठी अभ्यासकांत ते होते. जमखंडीत वाढलेल्या माणसाला ते कानांनी ऐकू येत होतं. आपल्यालाही येतं. आपण ‘अण्णा’ म्हणतो, ‘अक्का’ म्हणतो, ‘ताई’ही म्हणतो. बाजारात भाजीवालीशी कानडीत घासाघीस करतो. आणि घरी येऊन पोरांना सांगतो, कानडी कशाला शिकायची?

पंडिता रमाबाईंचंही तेच. १८५८ ला आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात जन्म. ऑक्सफर्डपासून जवळच वाँटेज नावाचं गाव आहे, तिथल्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठात १८८३ ला त्या राहिल्या, तिथेच बाप्तिस्मा घेतला. संस्कृत मुखोद्गत, कानडी-मराठी लहानपणापासून, इंग्रजी तिथे जाऊन पक्की केली. आणि आयुष्याच्या शेवटी हिब्रू-ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं, ते शेतात राबणाऱ्या बाईला कळावं म्हणून. आपल्यातल्या ख्रिस्ती घरांत हे नाव आदराने घेतात. बाकीच्या घरांत अजूनही जरा दबकत घेतात, ते मला कधीच कळलं नाही.

सीमाप्रश्नाबद्दल मी काही कमी मराठी नाही. १ नोव्हेंबरला आमच्या घरात अजून चूल उशिरा पेटते. वडील सायकल फेरीला जायचे, त्यांचा काळा फेटा अजून ट्रंकेत आहे. सरकारी कागद मराठीत मिळावा, शाळेत मराठी शिक्षक नेमावा, ही मागणी रास्तच आहे आणि ती सोडू नये. पण कानडी न शिकण्याला लढा म्हणणं मला पटत नाही. निपाणीचं पोर अर्जुननगरच्या कॉलेजला जातं तेव्हा रस्त्यातच राज्य बदलतं, कर्नाटकातलं घर आणि महाराष्ट्रातला वर्ग. त्याला दोन राज्यं पायी ओलांडता येतात, तर तीन भाषा का नकोत? शिंद्यांना त्यातली एकही दुसरीच्या आड आली नाही.

तर मागच्या बाकावरच्या मित्रा, उत्तर असं. जाता येतं. शिंदे गेले, कॉर्नेलिया गेली. केंब्रिजचं म्हणशील तर कोकणातल्या मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ ला तिथे गणितात पहिले आले आणि परत येऊन फर्ग्युसनला शिकवत बसले. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर तिथे शिकले, आणि त्यांनी विज्ञानकथा मराठीत लिहिल्या. यातल्या कुणाचीही वाट मातृभाषेने अडवली नाही. अडवली ती पैशाने, धर्माच्या सहीने, बाईपणाने. आज सह्या गेल्या, बायकांना पदव्या मिळतात. पैसा मात्र अजून दारात पहारेकऱ्यासारखा बसलेला आहे. तिथल्या एका वर्षाच्या फीचा आकडा भाचीने मला दाखवला, तेव्हा मी आमच्या गल्लीतल्या घरांच्या किमती मनात मोजल्या. शिष्यवृत्त्या आहेत, पण त्यांचे अर्ज इंग्रजीत भरायचे असतात, आणि स्वतःबद्दल पानभर नीट लिहावं लागतं. माझी भाची अडकली ती तिथेच, लिहिण्यात. तिला कुणी पानभर लिहायला लावलंच नव्हतं, इंग्रजीतही नाही आणि मराठीतही नाही. तिची मराठीची शिक्षिका मीच होते. गाईडातली उत्तरं मी तिला पाठ करू दिली, निकाल चांगला लागावा म्हणून. हे तिने मला कधी ऐकवलं नाही. रात्रपाळी करून आली की माझ्यासाठी चहा टाकायची.

बोडलियन वाचनालयात वाचक व्हायचं तर शपथ घ्यावी लागते : आत विस्तव आणणार नाही, ज्योत पेटवणार नाही. १६०२ पासूनचं वाचनालय, १६१० पासून देशात छापलेलं पुस्तक तिथे जमा व्हायची सोय. मला तिथल्या घुमटापेक्षा या चिकाटीचा हेवा वाटला. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं आहे, कमी नाही. पण आपल्या मंडळाचं काय? परत आल्यावर मी मंडळाच्या कपाटात आमच्या वेळचे हस्तलिखित अंक शोधले. नऊ सापडले, दोनांना वाळवी. माझी पहिली कविता ज्या अंकात होती तो नाही. (कविता वाईट होती, तो भाग वेगळा.) ई-अंक निघायला लागल्यापासून तर छापील प्रतही नाही. कुणाच्या तरी मोबाईलमध्ये पीडीएफ असते, मोबाईल बदलला की गेली. या वर्षीच्या कार्यकारिणीला विनंती आहे, प्रत्येक अंकाच्या दोन प्रती छापा, एक कॉलेजच्या ग्रंथालयात, एक सार्वजनिक वाचनालयात. खर्च मी देते.

आणि शनिवारी दुपारी दोन तास मी कॉलेजात येणार आहे. प्राचार्यांची परवानगी झाली आहे. एक विषय, एक पान मराठीत, तेच पान इंग्रजीत, गाईड न बघता. कानडीत लिहिणारं कुणी आलं तर त्याच्याकडून मीही शिकेन, माझी कानडी बाजारापुरतीच आहे. पहिल्या शनिवारी चारजण आले. तो मागच्या बाकावरचा मुलगा त्यात होता. त्याने लिहिलं ते आईच्या बोटांवर, तंबाखूने पिवळ्या झालेल्या. मराठीतलं पान मला एकही खूण न करता परत द्यावं लागलं. इंग्रजीतल्या पानावर सतरा खुणा केल्या.

जाताना त्याने शिंद्यांचं ‘माझ्या आठवणी व अनुभव’ मागून नेलं. अजून परत आणलेलं नाही.